तुकड्यातुकड्याने गेलेले औत

कवठे महांकाळ तालुक्यात पारंपरिक आणि यांत्रिक शेतीची तुलना करू पाहणाऱ्याला दोन वेगळी गावे शोधावी लागत नाहीत, कारण येथे अनेकदा एकाच घराच्या जमिनीत या दोन्ही पद्धती बांधाला बांध लावून नांदताना आढळतात. कालव्याचे, विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर द्राक्षाची बाग, ठिबकच्या नळ्या, औषध फवारणारा ब्लोअर आणि वेलींच्या दोन ओळींमधून जाईल असा बुटका ट्रॅक्टर असतो. आणि पाणी जेथे चढत नाही त्या माळाच्या किंवा काळ्या रानाच्या तुकड्यात परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उभा असतो आणि तो आजही बहुतांशी माणसांच्या हातांनीच उपटला जातो.

या सरमिसळीचे कारण भूगोलात आहे. सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग कृष्णा-वारणेच्या पाण्यावर उसाने भरलेला, तर खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात येतो. खानापूर तालुक्यात उगम पावून तासगाव व कवठे महांकाळमधून कर्नाटकात जाणारी आणि तेथे कृष्णेला मिळणारी अग्रणी ही या भागाची नदी. पण ती पावसाळी आहे आणि पावसाळा सरला की तिचे पात्र आटते. पाणी आले ते खालून वर, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेतून टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून, म्हणजे उपसा सिंचन योजनेतून. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे याच दुष्काळी तालुक्याच्या स्थानकांवरून पंढरपूरकडे धावत होती, हा योगायोग येथील पाण्याच्या राजकारणावर कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक बोलका आहे.

जुनी शेती विरुद्ध नवी शेती हा वाद सहसा बैल आणि ट्रॅक्टर यांच्यातील सामना म्हणून मांडला जातो, आणि मग एक पक्ष मातीचे आरोग्य सांगतो, तर दुसरा वेळेची बचत. कवठे महांकाळच्या रानात उभे राहून पाहिले तर प्रश्नाची मांडणी निराळी दिसते. औत, म्हणजे बैलजोडी आणि तिने ओढायचे अवजार, कोणत्याही एका यंत्राने हटवलेले नाही; त्याची कामे एकेक करून वेगवेगळ्या यंत्रांनी उचलली, आणि जी कामे यंत्राला आजही नीट जमत नाहीत ती, केवळ बैल उरला नाही म्हणून, होईनाशी झाली.

ओल राखण्याचे शास्त्र

शाळूची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, म्हणजे उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या पावसाचा अंदाज घेत केली जाते. पेरणीनंतर या पिकाला पावसाची फारशी आशा नसते. चार महिने ते जमिनीत साठलेल्या ओलीवरच जगते. त्यामुळे कोरडवाहू शेतीचे सारे कौशल्य पीक वाढवण्यापेक्षा ओल राखण्यात खर्ची पडते. पावसाळ्यात रान मोकळे ठेवून, प्रत्येक चांगल्या पावसानंतर वाफसा आला की, म्हणजे माती अवजाराला चिकटणार नाही आणि ढेकूळही निघणार नाही इतकी ओल उरली की, त्यावर कुळव फिरवला जातो. लाकडी दिंडाला आडवी लोखंडी फास बसवलेले हे अवजार जमीन उलथत नाही. ते वरचा तीन-चार बोटांचा थर मोकळा करून तण कापते, आणि हा भुसभुशीत थर खालच्या ओलीवर आच्छादनाचे काम करतो.

दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत नांगर दरवर्षी धरण्याची चाल पूर्वी नव्हती. हरळी किंवा कुंदा यांसारखे तण माजले, तरच काही वर्षांनी जड नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपून रान खोल नांगरले जाई, आणि एरवी कुळवावर भागे. काळी जमीन उन्हाळ्यात स्वतःच फाटते, तिच्या भेगांतून वरची माती खाली जाते आणि पहिल्या पावसाचे पाणीही त्याच वाटेने खोल मुरते, हे लक्षात घेतले म्हणजे ही चाल आळसातून आलेली नव्हती हे पटते. आज ट्रॅक्टर दारात येतो म्हणून दरवर्षी पलटी नांगर आणि त्यावर रोटाव्हेटर मारला जातो. रोटाव्हेटरची फिरती पाती माती पिठासारखी बारीक करतात. रान दिसायला देखणे होते, पण पाती एकाच खोलीवर पुनःपुन्हा घासत राहिल्याने आणि वरून दोन टनांच्या आसपासचे वजन फिरत राहिल्याने खाली कठीण थर बसतो, ज्यातून ना पाणी सहज उतरते ना मूळ.

पेरणी पाभरीने होत असे. पाभर हे बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार असून, तिच्या वर बसवलेल्या चाड्यात, म्हणजे लाकडी वाटीत, मुठीतून दाणे सोडले जातात व ते नळ्यांतून थेट फणाने पाडलेल्या तासात, ओलीपर्यंत, पोहोचतात. मूठ सैल पडली तर ताटे दाट होतात आणि ओल लवकर संपते, आवळली तर रान विरळ राहते. म्हणून चाड्यावर मूठ कोणी धरायची हा घरोघरी गंभीर निर्णय असे. पुढे बी आणि खत एकाच वेळी पेरणारी दोन चाड्यांची पाभर आली व राहुरीच्या कृषी विद्यापीठानेही तिचीच शिफारस केली. शाळूसाठी हेक्टरी १० किलो बी आणि दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर हे गणित आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातही बसवले जाते, आणि हे मान्य केले पाहिजे की सारखेपणाच्या बाबतीत यंत्र बहुतेक मुठींना हरवते.

खरी अडचण पेरणीनंतर सुरू होते. शाळूला तीन कोळपण्या सांगितलेल्या आहेत. कोळपणी म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून लहान कुळवासारखे अवजार चालवून तण काढणे व माती हलवणे. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, म्हणजे मध्ये फट असलेल्या फाशीने, कारण रोपे लहान असतात व फटीतून सुखरूप निघतात. दुसरी पाचव्या आठवड्यात अखंड फाशीच्या कोळप्याने. आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. या तिसऱ्या कोळपणीचा हेतू तण काढणे हा नसतोच. तोपर्यंत जमीन भेगाळू लागलेली असते, प्रत्येक भेग म्हणजे ओल उडून जाण्याची उघडी खिडकी असते, आणि दातेरी कोळपे माती ओढून त्या भेगा बुजवते. पण आठव्या आठवड्यात शाळू चांगलाच वर आलेला असतो. त्या वेळी ताटे न मोडता दीड फुटाच्या वाटेने चालू शकतो तो तोंडाला मुसके बांधलेला बैल. नेहमीच्या ट्रॅक्टरला तेथे जागा नाही, आणि तणनाशक भेग बुजवत नाही.

एकेक काम जाताना

बैलजोडी पोसणे परवडे ते तिला वर्षभर काम असे म्हणून. विहिरीवर मोट, म्हणजे चामड्याच्या किंवा पत्र्याच्या पिशवीतून पाणी खेचण्याची सोय, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चाले. सुगीत खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधोमध रोवलेल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरवून कणसांची मळणी होई. नांगरट, कुळवणी, पेरणी, कोळपणी यांचे आपापले महिने ठरलेले असत. आणि उरलेल्या दिवसांत गाडी असे, जी शेणखत रानात नेई, कडबा घरी आणी आणि माणसांना बाजाराला व जत्रेला पोहोचवी. विजेचा पंप आला आणि मोट सुटली. मळणी यंत्र आले आणि खळे करणे, ते शेणाने सारवणे, वाऱ्याच्या तोंडी धान्य उफणणे हे सारेच थांबले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने गाडी घेतली, पलटी नांगराने नांगरट घेतली, रोटाव्हेटरने कुळव घेतला. यांतले प्रत्येक यंत्र स्वतःपुरते शहाणपणाचे होते, आणि मोटेच्या धावेवर दिवसभर उलट-सुलट चालणाऱ्या माणसाला पंपाने दिलेली सुटका नाकारण्याचा अधिकार कोणत्याही परंपराप्रेमीला नाही.

परंतु बैलाची वैरण कामाच्या प्रमाणात कमी होत नाही. वर्षातली बहुतेक कामे गेल्यावर उरलेल्या काही दिवसांच्या कोळपणीसाठी दोन जनावरे बारा महिने दावणीला बांधून ठेवणे कोणाच्याही हिशेबात बसत नाही, आणि म्हणून शेवटी जी कामे बैलच उत्तम करू शकत होता तीही त्याच्याबरोबर गेली.

यात एक ऐतिहासिक विरोधाभास आहे, आणि तो याच जिल्ह्यातला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात शेतीयंत्रे करायला घेतली तेव्हा त्यांची पहिली यंत्रे होती कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. पुढे औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, जी आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी तो नांगर घ्यायला सुरुवातीला शेतकरी धजत नव्हते. म्हणजे या भागातील यांत्रिकीकरणाची पहिली पायरी बैलाला हटवणारी नव्हती. एक यंत्र त्याच्या तोंडी बारीक कडबा घालणारे होते आणि दुसरे त्याच्याच खांद्यावर चालणारे. यंत्र म्हणजे इंजिन हे समीकरण नंतरचे आहे.

बैलाच्या आर्थिक चक्राचा आणखी एक आरा मोडला. या भागाची खिल्लार जात काटक, चपळ आणि उन्हाला न डगमगणारी. शेजारच्या आटपाडी तालुक्यातील खरसुंडीचा जनावरांचा बाजार तिच्यासाठीच नावाजलेला. शेतकरी खोंड घेई, वाढवी, कामाला लावी आणि उतार वयात विकून त्या पैशात पुन्हा खोंड घेई. २०१५ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण दुरुस्ती कायद्याने बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले आणि जोडी बदलण्याचे भांडवलच आटले. याच काळात बैलगाडा शर्यतींचा प्रश्न न्यायालयात होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह उठली, मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला आणि खिल्लार खोंडाला पुन्हा भाव आला. मात्र शर्यतीसाठी दूध-अंडी खाऊन वाढलेला खोंड कोळप्याला जुंपायचा नसतो. बैल टिकला म्हणून औत टिकले असे मानण्याचे कारण नाही. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल नसलेल्या घरांत मातीचे बैल पूजले जातात आणि दारातल्या ट्रॅक्टरलाही हार पडतो, यातच सारे आले.

शाळू उपटताना

फेब्रुवारीत शाळू काढणीला येतो आणि यंत्राचा एक अनपेक्षित पराभव पाहायला मिळतो. हायब्रीड ज्वारी कापतात, पण शाळू उपटतात. उपटणारी माणसे तळव्याला फडके गुंडाळतात, दोन-तीन ताटे एका मुठीत धरून कमरेच्या हिसक्याने मुळासकट ओढतात, बुडाची माती पायावर आपटून झाडतात आणि ताटे एका दिशेने कणसे ठेवून तासात आडवी टाकतात. नंतर त्यांच्या पेंढ्या बांधल्या जातात. अशा पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, आणि कडब्याचा सौदा त्यावर होतो. काही दिवस वाळल्यावर कणसे खुडून मळणी यंत्राला दिली जातात. कापणी न करता उपटण्यामागे दोन कारणे आहेत. ताट मुळापर्यंत मिळाल्याने कडब्याची लांबी व वजन भरते, आणि रानात टोकदार सड राहत नसल्याने पुढच्या कुळवाला अडथळा होत नाही.

उभ्या पिकातच धान्य काढणारे कंबाईन हार्वेस्टर या शाळूत चालवले तर कणसाबरोबर ताटाचा चुरा होतो, आणि दुभत्या जनावरांच्या मालकाला हवा असतो तो अखंड, पिवळसर, गोडसर कडबा. कोरडवाहू वर्षात दाण्यापेक्षा कडब्याने घर तारल्याचा अनुभव या पट्ट्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर चारा छावण्यांच्या वर्षांत वैरणीला धान्याइतकेच मोल आले होते. बुटक्या, भरपूर दाणा देणाऱ्या संकरित ज्वाऱ्यांना शाळूच्या रानात जागा मिळाली नाही ती याचमुळे. उंच ताटाची मालदांडी अनेक दशके टिकली, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही पुढे हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण काढताना कडब्याचा विचार सोडला नाही.

तथापि उपटणी हे कंबर मोडणारे काम आहे आणि त्याला आता माणसे मिळत नाहीत. पूर्वी हे काम सावडीने होई. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या, अशी श्रमांची बिनपैशाची फेड. सावड टिकते ती गावातल्या सर्वांचे पीक एक आणि हंगाम एक असेल तोपर्यंतच. निम्म्या गावाची द्राक्षबाग झाली की फेब्रुवारीत बागवाल्याला स्वतःच्याच कामातून मान वर काढता येत नाही, मग तो शाळूवाल्याच्या सावडीला कोठून जाणार? उपटणी एकरावर गुत्त्याने, म्हणजे ठोक मजुरीवर, दिली जाऊ लागली, आणि मजुरी वजा जाता काही उरत नाही असे दिसल्यावर अनेकांनी शाळूच सोडला. शाळू गेला की कडबा जातो, आणि कडबा विकत घेऊन बैल पाळण्याची ऐपत फार थोड्यांची.

बागेत वाढलेले हात

यंत्राने माणसांचे काम कमी होते हा समज द्राक्षबागेत पुरता उलटतो. बागेत यंत्रे आहेत आणि ती अपरिहार्य आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या सुमारास ढगाळ हवा आली किंवा अवकाळी सर पडली तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, घड जिरवून टाकतो, आणि औषध काही तासांत सगळ्या पानांच्या खालच्या बाजूलाही पोहोचावे लागते. पाठीवरच्या पंपाने ते अशक्य आहे. म्हणून लहान ट्रॅक्टरमागचा ब्लोअर, जो औषधाचे बारीक तुषार पंख्याच्या वाऱ्याने वेलीत घुसवतो, हे बागेचे पहिले यंत्र झाले. वेलींच्या ओळींतले अंतर या ट्रॅक्टरच्या रुंदीचा विचार करून धरले जाते.

पण फवारणीपलीकडचे जवळजवळ सारे काम बोटांचे आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जी पुढच्या हंगामाच्या काड्या तयार करते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जी घड आणते. छाटणीनंतर काडीवरच्या निवडक डोळ्यांना फूट एकसारखी यावी म्हणून हाताने पेस्ट लावणे. नको ती फूट काढणे. मण्यांची लांबी वाढावी म्हणून प्रत्येक घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवणे, ज्याला सर्वत्र डिपिंग म्हणतात. आणि खाण्याच्या द्राक्षासाठी घडातले मणी कात्रीने विरळ करणे. घड निवडून हाताळण्याचे हे काम येथे कोणत्याही यंत्राने माणसाकडून काढून घेतलेले नाही. एक एकर शाळूला चार महिन्यांत जितके मनुष्यदिवस लागत, त्यापेक्षा कितीतरी अधिक एक एकर बाग वर्षभर खाते. फरक असा की शाळूचे श्रम घरचे आणि सावडीचे होते, बागेचे रोख मजुरीचे आहेत. जतसारख्या कोरड्या भागातून व परराज्यांतूनही येणाऱ्या टोळ्यांवर, आणि विरळणी-डिपिंग करणाऱ्या स्त्रियांच्या सराईत बोटांवर ही आधुनिक शेती उभी आहे.

मिरज-पंढरपूर रस्त्याने नागजच्या बाजूला जाताना दुतर्फा दिसणाऱ्या बेदाण्याच्या शेडही याच जातीच्या. या भागाची कोरडी हवा, जी शाळूला मारते, ती बेदाण्याला तारते. द्राक्षाच्या सालीवरचा मेणासारखा थर विरघळावा म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाईल ओलिएट यांच्या द्रावणात काही मिनिटे बुडवतात, जाळीच्या मजल्यांवर एका थरात पसरतात आणि वरून सावली देऊन वारा आरपार खेळू देतात. साधारण दोन आठवड्यांत चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ऊन नव्हे, सावलीतला वारा हे येथले इंधन आहे, त्यामुळे सुकवणीला वेगळे यंत्र लागत नाही. यंत्र येते नंतर, काड्या वेगळ्या करून प्रतवारी करताना, आणि मग शीतगृहात, जेथून माल तासगाव व सांगलीच्या सौद्यांना जातो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र मार्च-एप्रिलमधला एक वळीव शेडमधला माल काळा पाडू शकतो, आणि आभाळ भरून आले की ताडपत्र्या ओढण्यासाठी पुन्हा माणसेच धावतात.

वाफशाची रांग

भाड्याच्या ट्रॅक्टरने छोट्या शेतकऱ्याला नांगराचे भांडवल न गुंतवता नांगरट मिळवून दिली, हे खरेच आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यासाठी स्वतःचा ट्रॅक्टर घेणे म्हणजे कर्जाला आमंत्रण. पण भाड्याच्या व्यवहारात एक गोष्ट दडलेली आहे. वाफसा साऱ्या शिवाराला जवळपास एकाच दिवशी येतो आणि काळ्या रानात तो दोन-चार दिवसच टिकतो. त्या दिवसांत ट्रॅक्टरवाला आधी कोणाकडे जाणार? जेथे रान सलग आहे, वळणे कमी आहेत आणि एका फेरीत अधिक एकर निघतात तेथे. अर्ध्या एकराच्या, बांधांनी कोंडलेल्या तुकड्याचा क्रम शेवटी लागतो, आणि तोवर ओल उडून ढेकळे निघू लागतात. घरची जोडी असताना गरीब शेतकऱ्याकडे शक्ती कमी होती, पण घडी त्याच्या हातात होती. यंत्राच्या तुलनेत बैलाचा संथपणा सर्वांना दिसतो, घडी हातात असण्याची ही बाजू मात्र हिशेबात धरली जात नाही.

पाण्याची घडी तर त्याहून दूर गेली. मोटेचे पाणी बैलाच्या पायावर होते, विहिरीच्या पंपाचे भारनियमनाच्या वेळापत्रकावर आले आणि म्हैसाळचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, पंपगृहांच्या वीजबिलाच्या वसुलीवर. बिले थकली म्हणून पंप बंद राहण्याचे प्रसंग आल्यानंतर वीजखर्चाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, अशी विभागणी ठरली.

केंद्राच्या २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात आणि राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या योजनांत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पॉवर टिलर यांच्याबरोबर बैलचलित अवजारांनाही अनुदानाची तरतूद आहे. अवजार अनुदानात मिळते, वैरण मिळत नाही, त्यामुळे या नोंदीला अर्जदार कमी असणे स्वाभाविक आहे. ज्यांनी आजही एखादी जोडी ठेवली आहे ते तिच्यावर आता शेतकरी म्हणून कमी आणि भाडेकरी म्हणून अधिक जगतात. पहिल्या कोळपणीच्या दिवसांत त्यांच्या औताला चार ठिकाणांहून बोलावणे असते आणि मजुरी ट्रॅक्टरच्या तासाशी ताडून ठरते. दुसऱ्या कोळपणीपर्यंत काहींनी हाताने ढकलायच्या सायकल कोळप्यावर भागवलेले असते. तिसरीसाठी, दातेरी कोळप्याच्या आठव्या आठवड्यासाठी, बोलावणे क्वचितच येते, कारण तोवर तण मारून झालेले असते आणि भेग बुजवण्यासाठी पैसे मोजण्याची सवय गावाला राहिलेली नाही.